आफ्रिकानेर किंवा समकक्ष

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेल्या माणसावर परदेशात आसरा मागायची वेळ का यावी, असं तुम्ही विचाराल. विचारा. ज्यांना ग्यानबासारखा चुलतभाऊ नाही त्यांनी असले प्रश्न खुशाल विचारावेत.

ग्यानबा माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. आमच्या आज्यानं जमीन वाटली तेव्हा रस्त्याकडची पट्टी त्याच्या बापाला गेली आणि मागची माझ्या बापाला. म्हणजे मला माझ्या शेतात जायचं तर ग्यानबाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जावं लागतं. आम्ही जात होतो. आधी बैलगाडी जायची, पुढे ट्रॅक्टर जाऊ लागला. मग अकरा वर्षांपूर्वी ग्यानबाच्या थोरल्या पोरीच्या लग्नात, पंगतीत बसलो असताना, वरणात मीठ कमी आहे असं मी शेजारच्या माणसाला सांगितलं. हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्याच्या तोंडावर बाभळीच्या काट्यांचा ढीग पडलेला होता. मीठ कमीच होतं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

तेव्हापासून मळणीयंत्र माझ्या शेतात गेलेलं नाही. सोयाबीन कापायचं, भारे बांधायचे, डोक्यावर घेऊन ओढ्याच्या अंगानं पाऊण कोस चालायचं आणि रस्त्याच्या कडेला गंजी लावायची. भारे मी डोक्यावर घेतो असं लिहायला मला आवडलं असतं. ते घेते नर्मदाबाई, म्हणजे आमची मंडळी. मी पुढे चालून साप-किरडू बघतो. अकरा वर्षांत तिची मान डावीकडे कलली आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. तिनं विचारलं, मग कोण उचलणार? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

वाट मोकळी करून मिळावी म्हणून मी तहसिलीत दावा लावला. माझा अर्ज आजही कोणी काढून पाहावा. समास सोडलेला, परिच्छेदांना क्रमांक, सहपत्रांची यादी. ग्यानबानं त्याला एका ओळीचं उत्तर दिलं: 'अशी वाट कधी नव्हती, आज नाही.' एवढं बोलून तो आजारी पडला. ज्या ज्या दिवशी तारीख, त्या त्या दिवशी त्याला काहीतरी झालेलं असतं. कावीळ झाली, कंबर धरली, तीनदा तर दाढ काढली. गावातले जुने साक्षीदार एकेक करून वर गेले. जे उरले ते दोन्हीकडचा चहा पिणारे, त्यांना वाट होती असंही आठवतं आणि नव्हती असंही आठवतं.

अशा मनःस्थितीत मी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात न्हाव्याच्या दुकानी नंबर लावून बसलो होतो आणि हाती जुनं वर्तमानपत्र आलं. त्यात बातमी होती. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकानेर म्हणून गोऱ्या लोकांचा एक समाज आहे. मोठमोठ्या जमिनी असलेले शेतकरी. त्यांना आपल्या देशात भीती वाटते, आपल्यावर अन्याय होतो असं वाटतं, म्हणून अमेरिका त्यांना निर्वासित म्हणून विमानात बसवून नेते. जगातले बाकीचे निर्वासित तंबूत बसून वर्षानुवर्षं वाट बघत आहेत, बोटीत बुडत आहेत, आणि जमिनीवाल्यांची फाईल मात्र पुढे सरकली, हे वाचून मला फार हायसं वाटलं. म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच चालतं. जिथे आपल्यासारखं चालतं तिथे आपलं काम होतं, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

मी तिथल्या तिथे, अर्धी दाढी झालेली असताना, मुद्दे पडताळले. शेतकरी, आहे. जमिनीवरून जाच, आहे. शेजाऱ्याची भीती, पुष्कळ आहे. अल्पसंख्य? गावात आमच्या भावकीची घरं दोन, त्यातलं एक ग्यानबाचं. म्हणजे माझ्याइतका अल्पसंख्य माणूस दक्षिण आफ्रिकेतही सापडणार नाही. राहता राहिला रंगाचा आणि आफ्रिकानेर असण्याचा किरकोळ मुद्दा. तर सरकारी जाहिरातीत पात्रता लिहिताना पुढे 'किंवा समकक्ष' असं लिहिलेलं असतं. कधीकधी छापायचं राहून जातं, पण ते असतं. या दोन शब्दांवर किती लोक किती खुर्च्यांवर बसले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरी येऊन मी नर्मदाबाईला सगळं समजावून सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

"तिकडं सोयाबीन व्हतं का?" तिनं विचारलं.

"खंडीनं होतं."

"मंग इथलंच काय वाईट हाय?" थोड्या वेळानं तिनं मान चोळत विचारलं, "तिकडं हडंबा शेतात जातो का?" हडंबा म्हणजे आमच्याकडे मळणीयंत्र.

"तिकडचा हडंबा आपल्या घराएवढा असतो. तो सरळ शेतातच फिरतो. भारा म्हणून बांधायचा नाही."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "मंग भरा अर्ज."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. बाई अमेरिकेला जायला तयार झाली होती ती केवळ मानेपायी. पण अर्ज भरायचा म्हटल्यावर मला उत्साहही तेवढाच आला, हे खोटं कशाला बोलू.

गोरेगावात सोमेश्वरचं सेवा केंद्र आहे. पीक विम्यापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं त्याच्याकडे होतं. वय पंचेचाळीस, कपाळावर चष्मा, आणि जगातल्या कोणत्याही योजनेची आपल्याला आधीपासून माहिती होती असा चेहरा.

"आफ्रिकानेर व्हय," तो म्हणाला. "भरून राहिले लोक. कोटा हाय का बघावं लागंल."

त्यानं संगणकावर काहीतरी उघडलं. इंग्रजीत पानंच्या पानं होती. खाली एक पत्ता सापडला, त्यावर मजकूर पाठवता येत होता. सोमेश्वरच्या मते हाच अर्जाचा नमुना. मी म्हणालो, नमुना नसेल तर आपण करू. आणि मी केला. 'समाज' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: आफ्रिकानेर (समकक्ष). सातबारा जोडला, आठ-अ जोडला, रहिवासी दाखला जोडला, पेन्शनचं पुस्तक जोडलं. सोमेश्वरनं सगळं पाहून मान हलवली.

"बाबू, समकक्ष लिवलं बराबर हाय. पण त्याला जुनी नोंद पायजे. निजामाच्या काळातली. आजकाल नोंदीबिगर काहीच होऊन न्हाई राहिलं."

हे मात्र पटण्यासारखं होतं. आमच्या भागात सध्या जो तो आज्या-पणज्याच्या नोंदी शोधतो आहे. पूर्वी घरातलं माणूस हरवलं तरी एवढी शोधाशोध होत नसे. मी नामाजीला गाठलं. नामाजी आमच्या गावातला सर्वांत म्हातारा, मेंढरं राखत राखत नव्वदीला टेकलेला. पणजोबांबद्दल विचारताच तो बराच वेळ मेंढरांकडे बघत राहिला.

"तुझा पणजा गोरापान व्हता," तो म्हणाला. "डोळे घारे. माझ्या बापानं सांगितल्यालं हाय. लोकं त्याला भ्यायचे."

"का भ्यायचे?"

"ते काय न्हाई सांगितलं."

गोरापान आणि घारे डोळे. मला दुसरं काय हवं होतं? त्या आठवड्यात मी जीपनं हिंगोलीला चार खेपा केल्या, जुन्या कागदांच्या नकला मागितल्या, आणि पणजोबांच्या नावाचा एक उर्दू कागद खरोखरच मिळाला. तो वाचायला एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी भिंग घेतलं, कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे आदरानं पाहिलं.

"आपके परदादा तो बड़े जालिम आदमी थे," ते म्हणाले.

कागद म्हणजे गावकऱ्यांची तक्रार होती. पणजोबा आपले बैल लोकांच्या ज्वारीत सोडत, कोणी बोललं तर त्यालाही मागे बैल लावून पळवत, आणि 'तमाम रिआया इन से परेशान है', म्हणजे सगळी रयत यांना कंटाळली आहे, असं सतरा जणांनी अंगठे देऊन लिहिलं होतं. रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. छळ झाल्याचा पुरावा शोधायला गेलो आणि हाती छळ केल्याचा पुरावा आला. तो कागद मी चौघडी करून पेन्शनच्या पुस्तकात लपवला आणि सोमेश्वरला सांगितलं की वाळवी लागली होती.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "नोंद नसली तर जुलूम जरा वाढवून लिवा."

जुलूम लिहायचा म्हणजे जुलूम करणाऱ्याचं नाव आलं. मी ग्यानबाचं लिहिलं. पाच पानं झाली. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, हात थांबेना. आता सोमेश्वरच्या केंद्रात गुप्तता अशी की जे पान नीट छापलं जात नाही ते तो समोरच्या भजेवाल्याला देतो. ग्यानबानं बुधवारच्या बाजारात भजी घेतली आणि माझं तिसरं पान वाचत वाचत खाल्ली.

संध्याकाळी तो आमच्या दारात उभा. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी मनाशी म्हणालो, आता हा भांडणार आणि अर्जाला ताजा पुरावा मिळणार. पण त्याचा चेहरा पडलेला होता.

"दादा, अमेरिकेला चालले म्हणं तुमी."

"चाललो आहे."

"मला न्हाई इचारलं." तो ओसरीवर टेकला. "येवढी मोठी योजना आली, आन् भावाला खबर न्हाई. लोकाकडून कळावं मला?"

नर्मदाबाईनं त्याला चहा दिला. त्यानं तो घेतला, साखर कमी असल्याचं तो बोलला नाही, आणि जाताना म्हणाला, "मी बी भरून राहिलो मंग."

त्यानंतर आठ दिवसांत अख्खं गाव भरायला लागलं. रुख्मिणीबाई आमच्या शेजारीण. तिनं आधी मला तिकडे फार थंडी असते म्हणून गोधड्या न्या, विमानात पापड मोडतात म्हणून कुरडया न्या, असा सल्ला दिला आणि मग ठरवलं की गोधड्या विमानात बसत असतील तर आपणही बसू. दिपा अंगणवाडी सेविका, तिनं विचारलं की तिकडे पोषण आहार कोण शिजवतं. सगळ्यांना मी 'समकक्ष' समजावून सांगितलं. गावात माझा मान एकदम वाढला. ज्या चहाच्या टपरीवर मला कोणी सरकून जागा देत नसे तिथे बाकडं रिकामं होऊ लागलं.

पण एक अडचण निघाली. प्रत्येकाला जुलूम करणारा पाहिजे होता. आणि गावात राहायचं तर कोणाचं नाव लिहिणार? शेजाऱ्याचं लिहिलं तर उद्या विळा-पाभर मागायची पंचाईत. व्याह्याचं लिहिलं तर पोरगी माहेरी. लोक दोन दिवस कागद हातात घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई आली आणि पदर सावरत म्हणाली, "बाबू, राग न्हाई ना येणार? तुमी तर जाऊनच राहिले. मंग तुमचंच नाव लिवलं तर तुमाला काय तकलीफ हाय?"

मी विचार केला. तार्किकदृष्ट्या बिनतोड होतं. मी म्हणालो, लिहा.

ही बातमी रुख्मिणीबाईच्या तोंडून पसरायला जितका वेळ लागतो तितकाच लागला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर रांग लागली. मी त्यांच्यावर कसा जुलूम केला हे लोक कच्चं लिहून आणत होते, आणि ते इतकं वाईट लिहिलेलं असे की मला बघवेना. 'भागवतबाबू लई तरास देतो.' हे काय प्रतिज्ञापत्र झालं? तारीख नाही, वार नाही, साक्षीदार नाही. शेवटी मी चष्मा लावला आणि स्वतः दुरुस्त करायला बसलो. 'सदर इसम हा सन दोन हजार बारापासून माझ्या कुटुंबास वारंवार धाकदपटशा दाखवीत असून त्यामुळे आमचे जगणे असह्य झाले आहे.' एकेकाचे डोळे भरून येत. एका दिवसात मी वीस जणांवर जुलूम केला आणि संध्याकाळी बोटं दुखायला लागली. ग्यानबा तेवढा आला नाही. त्याचं त्यानं सोमेश्वरकडून परस्पर लिहून घेतलं.

सगळे कागद नोटरी करून झाल्यावर सोमेश्वरला शेवटची शंका आली. प्रतिज्ञापत्रावर पोलीस ठाण्याचा 'पोच' असा शिक्का असला तर अमेरिकेत वजन पडेल, असं त्याचं म्हणणं. पोचशिवाय कागद म्हणजे नुसता कागद, हे माझंही मत आहे. माझ्याच सल्ल्यानं गाव टेम्पोत बसून ठाण्यात गेलं आणि माझ्याविरुद्धचे एक्केचाळीस अर्ज एकाच दिवशी आवक झाले.

चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मला वाटलं, अमेरिकेकडून चौकशी आली असावी. जमादारांनी मला बसा म्हटलं नाही. त्यांच्या टेबलावर गठ्ठा होता आणि ते माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत होते.

"तुमीच का भागवत?" ते म्हणाले. "मला वाटलं, अंगापिंडानं कोणी मोठा माणूस असंल."

मी सगळा प्रकार सविस्तर सांगितला. आफ्रिकानेर, समकक्ष, जाणाऱ्याचं नाव. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी एकेक कागद उचलून वाचायला सुरुवात केली. माझीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माझं मलाच भय वाटलं. फार परिणामकारक उतरली होती. मध्येच ते थांबले.

"ही नर्मदाबाई कोण?"

"आमची मंडळी."

कुटुंबातल्या प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागतो असं सोमेश्वरनं सांगितल्याचं मला आठवलं. तिचा अर्ज मी दुरुस्त केलेला नव्हता. तिनं तो मला दाखवलाच नव्हता. जमादारांनी वाचला: "'माझे मालक भारा उचलत न्हाईत. पुढं चालतात. अकरा वर्षं झाली.' संपलं." त्यांनी कागद खाली ठेवला. "येवढ्या गठ्ठ्यात ही येकच खरी वाटून राहिली."

मी भिंतीवर कॅलेंडर आहे का ते पाहिलं.

"हे बघा," जमादार म्हणाले. "तुमी म्हणता हे समदं खोटं हाय. मंग एक्केचाळीस लोकांनी शपथेवर खोटं लिवलं. त्यांच्यावर गुन्हा दाखल करावा लागंल. व्हय म्हणता का खरं हाय? मंग तुमच्यावर करावा लागंल. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र द्या, सालभर कोणाला तरास देयाचा न्हाई. दोन्हीपैकी काय ते सांगा."

मी ताठ मानेनं म्हणणार होतो की खोटं आहे. माझी एकतीस वर्षांची अब्रू होती. माझ्या गोपनीय अहवालात कधी शेरा नाही. पण तेवढ्यात त्यांनी गठ्ठ्यातला शेवटचा कागद उचलला.

"हा तुमचा चुलतभाऊ. ह्यानं तर लईच लिवलं हाय. 'सदर भागवत हा मागील तीस वर्षांपासून दर हंगामात माझ्या धुऱ्यावरील वाटेने बैलगाडी व ट्रॅक्टर जबरदस्तीने घेऊन जातो. मी गरीब असल्याने त्यास अडवू शकलो नाही.'"

"पुन्हा वाचा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाचलं. मी खुर्ची ओढून, न विचारता, बसलो. वाट बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, पण जुलूम वाढवायच्या नादात ग्यानबानं ती कागदावर चालूच ठेवली होती. ज्या वाटेचा एक साक्षीदार मला मिळत नव्हता, ती वाट खुद्द ग्यानबानं शपथेवर, नोटरीच्या शिक्क्यासह, पोलिसांची पोच घेऊन, दर हंगामात तीस वर्षं वाहती ठेवली होती. असा कागद माणसाच्या आयुष्यात एकदा हाती येतो.

फक्त तो खरा ठरायचा तर मी जुलमी ठरायला हवा होतो.

पेन्शन, अब्रू, टपरीवरचं बाकडं, सगळं आठवलं. मग नर्मदाबाईची मान आठवली, आणि ती तीन वाक्यं.

"मान्य आहे," मी म्हणालो. "मी जबरदस्तीनंच नेत होतो. आणि या कागदाची मला प्रमाणित प्रत हवी."

जमादारांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आरोपी पाहिला नसावा. बंधपत्रासाठी त्यांनी मला तहसीलदार साहेबांपुढे उभं केलं. वाटेचा दावाही त्यांच्याच टेबलावर होता. त्या दिवशी ग्यानबा फिर्यादी म्हणून हजर होता, ठणठणीत, सगळ्या दाढांसकट. साहेबांनी त्याचं प्रतिज्ञापत्र त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, यातला मजकूर खरा का? खोटा म्हणावं तर शपथेचा गुन्हा. ग्यानबानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"खरा हाय," तो म्हणाला. "लई जुलूम केला साहेब यानं. तीस वर्षं."

"कोणत्या वाटेनं?"

"हाय की ती धुऱ्यावरची." आणि मग त्याच्या लक्षात आलं. पण तोवर कारकुनानं लिहून घेतलं होतं. त्या कारकुनाचं अक्षर फार सुरेख होतं.

वाट सात दिवसांत मोकळी करावी, असा हुकूम झाला. माझ्याकडून बंधपत्रही लिहून घेतलं: एक वर्ष कोणाही गावकऱ्यास जाच करणार नाही आणि ठाण्यास कळवल्याशिवाय तालुका सोडणार नाही. म्हणजे अमेरिकेला निघालेल्या माणसाला आता हिंगोलीला चष्मा करायला जायचं तरी जमादारांना फोन करावा लागतो. ते दर वेळी विचारतात, एकटेच चालले का कोणाला घेऊन.

अमेरिकेचं उत्तर आलं ते त्याच आठवड्यात. दोन ओळींचं, अत्यंत सभ्य. आपण दक्षिण आफ्रिकेचे नागरिक असल्याचा पुरावा आढळून येत नाही, सबब विचार करता येत नाही. सोमेश्वर म्हणाला, ही फक्त त्रुटी आहे, पूर्तता करता येते. गावात काही जण अजून त्या पूर्ततेच्या मागे आहेत. नामाजीकडे सकाळी रांग असते. त्याला आता बहुतेकांचे पणजे गोरे आठवतात.

सातव्या दिवशी मळणीयंत्र आलं. ग्यानबा धुऱ्याच्या तोंडाशी उभा होता, हातात आकडी, बाभळीचे काटे स्वतः बाजूला ओढत होता. काटे जुने होऊन मातीत रुतले होते, काही त्याच्या हाताला लागलेही. माझ्या शेतात सोयाबीनची गंजी जागच्या जागी लागलेली होती, एक भाराही रस्त्यावर गेला नव्हता. गंजी मी लावली होती. नर्मदाबाई धुऱ्यावर बसून मला भारा कसा धरतात ते सांगत होती, आणि दोन दिवस माझी मानही डावीकडे कलली होती. यंत्र सुरू झालं, भुसा उडाला, आणि ती पदर नाकाला लावून तिथेच बसून राहिली. घरी चल म्हटलं तर आली नाही. मला इतकं बरं वाटलं की अमेरिका विसरून गेलो.

दुपारी ग्यानबा जवळ आला. माझ्या शेताच्याही पलीकडे त्याची अर्ध्या एकराची एक फाळकी, म्हणजे जमिनीचा तुकडा, आहे. तिथे त्याचंही सोयाबीन पडून होतं. यंत्र तिथे न्यायचं तर माझ्या रानातून जावं लागणार होतं.

"दादा," तो म्हणाला, "तुमच्या रानातून घेऊ का?"

बाजूला काट्यांचा ढीग पडला होता. खरं सांगतो, एक क्षण माझी नजर त्या ढिगावर गेली. पणजोबा माझ्या जागी असते तर त्यांनी बैल सोडले असते. गावातल्या एक्केचाळीस प्रतिज्ञापत्रांनी मला जुलमी ठरवलं होतं, बंधपत्र देऊन बसलो होतो, आणि एवढं सगळं झाल्यावर एक साधा जुलूमही करू नये, हे मला जरा अन्यायाचंच वाटलं.

"घे की," मी म्हणालो. "पण रीतसर अर्ज दे."

ग्यानबानं पैरणीच्या खिशात हात घातला आणि घडी घातलेला कागद काढला. सोमेश्वरकडून टाईप करून, सही करून, आधीच आणलेला होता. 'विषय : आपल्या शेतातून मळणीयंत्र नेण्यास वाट मिळणेबाबत.' खाली लिहिलं होतं, आपला कृपाभिलाषी, धाकटा भाऊ. समास सोडलेला होता.

मी खिशातलं पेन काढलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं, डाव्या कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलं आणि तारीख टाकली. ग्यानबानं कागद परत घेतला, नीट वाचला, आणि मला म्हणाला, "पोच?"

मी पोच दिली.